देवाच्या वहीचा मागोवा

गुजरातेत वाघेल्यांचं राज्य होतं आणि राजा वीसलदेव गादीवर होता, तेव्हा डभोई हे भक्कम तटबंदीचं, चार मोठ्या वेशींचं गाव होतं. हिरा भागोळ आजही उभी आहे. तिच्यावरचं कोरीव काम पाहायला लांबून माणसं येतात. याच डभोईत विक्रम संवत १३११ चा, म्हणजे इ.स. १२५३ चा एक शिलालेख मिळाला. राजपुरोहित कवी सोमेश्वरानं रचलेली ही वैद्यनाथ महादेवाच्या देवळाची प्रशस्ती. दगड बराच झिजला आहे, तरी त्यातून राजाची कीर्ती, घराण्याचा पराक्रम आणि देवळाचं वैभव कळतं. देवळाला वर्षाला काय मिळायचं आणि ते कशावर खर्च व्हायचं, याची अपेक्षा मात्र प्रशस्तीकडून करता येत नाही. तो तिचा विषयच नव्हता.

त्यानंतर वीस वर्षांतच पंढरपुरात वेगळ्या प्रकारचा दगड कोरला जाऊ लागला. विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख हा शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला. त्यात देवळाला कोणी काय दिलं याची यादी आहे. रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि त्यांच्याबरोबर साधी माणसंही आहेत. कोणी किती गद्याण दिले ते नावानिशी नोंदलं आहे. पुढे या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा रूढ झाली आणि शतकानुशतकं वारकऱ्यांच्या पाठींनी अक्षरं गुळगुळीत होत गेली. देवळाचा जमेचा कागद असा सर्वांसमोर, देवळातच उभा करण्याची पद्धत साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होती. फक्त ती जमेपुरती होती. खर्चाची बाजू या दगडावर कोणी कोरली नाही.

धार्मिक संस्थांची करमाफी आणि त्यांचा हिशेब यांचं नातं शोधायचं, तर मला हे दोन दगड शेजारी ठेवावेसे वाटतात. आज कोणी देवस्थानचा ताळेबंद मागितला की 'देवाच्या पैशाचा हिशेब तुम्ही कोण मागणार?' असा प्रश्न येतो आणि त्याला परंपरेचा आधार असल्यासारखं बोललं जातं. परंपरा तशी नाही. देवाला दिलेल्या पैशाचा हिशेब आपल्याकडे नेहमीच ठेवला गेला. तो कोणाला दाखवायचा, हा भांडणाचा मुद्दा होता आणि अजून आहे.

करमाफीचा उगम ताम्रपटांत सापडतो. राजा एखादं गाव देवळाला किंवा ब्राह्मणाला दान देताना तिथले कर माफ करी आणि त्याच्या पुढेच लिहून ठेवी की चाट-भटांनी, म्हणजे राजाच्या शिपाई-अंमलदारांनी, या गावात पाऊल टाकू नये. कर नाही आणि तपासायला येणारा माणूसही नाही, या दोन सवलती एकाच पत्र्यावर, एकाच वाक्यात दिल्या गेल्या. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथं दिसतं. या दानाचा अपहार झाला तर शिक्षा परलोकातली: इतकी हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहशील, असा शाप. शिलाहार आणि यादवांच्या काळात कोकणात व देशावर याच कामासाठी गधेगाळ नावाचे शापाचे दगड उभे राहिले. सूर्य, चंद्र, खाली अर्वाच्य शिवी आणि तिचं चित्र. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं, असा तो इशारा होता. तपासनीस आत जाऊ शकत नव्हता, म्हणून शापाला राखणीला बसवलं होतं.

यानंतर डभोई मराठ्यांच्या इतिहासात येते ती रक्तबंबाळ होऊन. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ, भिलापूरच्या मैदानात, पहिला बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले. मराठ्यांचीच दोन सैन्यं. त्रिंबकराव मारले गेले आणि गुजरातच्या चौथाईचा वाद पेशव्यांच्या बाजूनं मिटला. दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड पुढे गुजरातेत स्थिरावले आणि त्यांच्या वंशजांचं बडोदं उभं राहिलं. या लढाईचा आणखी एक परिणाम झाला, तो राजकारणाच्या इतिहासात तळटीपेपुरता येतो. दाभाड्यांच्या घराण्याकडून तळेगावला दरवर्षी हजारो ब्राह्मणांना भोजन होई. त्रिंबकरावांनंतर बाजीरावानं हा धर्मादाय पुण्यात चालू ठेवला आणि भोजनाबरोबर विद्वानांना रोख रक्कम देऊ लागला. पेशवाईची प्रसिद्ध श्रावणमासातली दक्षिणा ती हीच.

दक्षिणेची व्यवस्था पाहिली तर हिशेबाची काळजी किती होती ते कळतं. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता, चौफेर बंदिस्त आवार. ब्राह्मण आत घेतले जात, दारं लावली जात आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर नाणं ठेवलं जाई, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. वेदशास्त्रसंपन्न मंडळींची परीक्षा वेगळी आणि दक्षिणाही वेगळी. नावनिशी, रक्कम, खर्च, सगळं पेशवे दफ्तरात मोडीत उतरत असे. पण ही वही पाहणारे होते फडणीस आणि धनी. ज्या रयतेच्या सारावसुलीतून हा पैसा उभा राहिला, तिला त्या वहीशी काही देणंघेणं नव्हतं.

पेशवाई गेली, तरी दक्षिणा गेली नाही. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टननं तिच्यासाठी वर्षाला सुमारे ५०,००० रुपये कायम ठेवले आणि त्यातूनच १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा सुरू झाली. मग १८४९ साली पुण्यात जे घडलं, ते मला आपल्या सार्वजनिक जीवनातला मोठा क्षण वाटतो. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकारानं काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथरचनेसाठी द्यावा आणि त्याचा लाभ एकाच जातीपुरता राहू नये. सनातनी मंडळी खवळली, अर्ज देणाऱ्यांच्या अंगावर जायची भाषा झाली. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. धर्मादायाचा पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च व्हावा, हा प्रश्न जाहीरपणे, लेखी आणि सह्यांनिशी विचारला गेला तो असा. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे 'दक्षिणा फेलो' झाले. डभोईच्या रणांगणानंतर पुण्यात आलेला एक धर्मादाय सव्वाशे वर्षांत रानड्यांच्या शिक्षणापर्यंत पोचला.

जमिनींची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. मराठी मुलखात देवस्थानांना मोठ्या प्रमाणावर इनाम जमिनी होत्या. सनदेत नंदादीप, नैवेद्य, चौघडा, गुरव, उत्सव अशा कामांची नेमणूक लावून दिलेली असे. ही करमाफी अशा रीतीनं अटीची होती: सेवा चालू, तोवर इनाम चालू. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला गावोगावच्या सनदा तपासायचा अधिकार मिळाला तेव्हा दक्षिण महाराष्ट्रात हाहाकार झाला, कित्येक इनामं गेली. देवस्थान इनाम मात्र, वर्ग तीन या नावानं, बहुतांश टिकलं. आज ज्या देवस्थान जमिनींच्या परस्पर विक्रीचे दावे महसूल न्यायालयांत पडून आहेत, त्यांची सातबाऱ्यावरची ओळख इथून आली आहे.

पण हिशेबाच्या कायद्याला खरं वळण मिळालं ते गुजरातेत, डभोईच्या उत्तरेला, खेडा जिल्ह्यातल्या डाकोरात. आणि ते दिलं एका मराठी आडनावानं. पिलाजी गायकवाड १७३२ मध्ये याच डाकोरात दगाफटक्यानं मारले गेले होते. रणछोडरायाचं आजचं मंदिर १७७२ मध्ये बांधलं ते गोपाळ जगन्नाथ तांबेकर या सावकारानं. बडोद्यात तांबेकर वाड्याची भित्तिचित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे आडनाव परकं नाही. डाकोरची दंतकथासुद्धा तराजूचीच आहे. बोडाणा नावाच्या भक्तानं द्वारकेहून मूर्ती आणली, पाठलाग करत आलेल्या गुगळी ब्राह्मणांनी मूर्तीच्या वजनाइतकं सोनं मागितलं आणि बोडाण्याच्या बायकोच्या नथीनं पारडं झुकलं.

या मंदिरात पूजेचा वंशपरंपरागत हक्क असलेले सेवक होते. देवापुढे येणारी नाणी, दागिने, वस्त्रं ते पाळीप्रमाणे वाटून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोहर गणेश तांबेकर आणि त्यांच्या बरोबरीच्या वादींनी सेवकांविरुद्ध दावा लावला. मागणी साधी होती: देवापुढे जे येतं त्याचा हिशेब द्या. सेवकांचं म्हणणं, की पिढ्यान् पिढ्या हे उत्पन्न आमचं आहे, भाविक ते देवापुढे ठेवतो म्हणजे आम्हालाच देतो, देव काही दागिने मोडून खात नाही. हा युक्तिवाद आजही कितीतरी गाभाऱ्यांत, थोड्या मवाळ शब्दांत, ऐकायला मिळतो.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेमंड वेस्ट यांच्यापुढे हे प्रकरण आलं आणि १८८७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं असं: भाविकानं ठेवलेली वस्तू देवाची होते. देवस्थान ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती आहे, तिची मालमत्ता आहे. सेवकांना त्यांच्या कामाचा योग्य मोबदला मिळावा, पण उरलेल्या मालमत्तेचे ते विश्वस्त आहेत, मालक नव्हेत. आणि विश्वस्त म्हटला की हिशेब आलाच. सेवक लंडनपर्यंत गेले. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं त्यांचं अपील फेटाळलं आणि मंदिराच्या कारभारासाठी योजना आखण्याचा मार्ग मोकळा झाला. देवस्थानांच्या खटल्यांत वकील अजूनही हा निकाल काढतात.

या निकालातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो असा, की त्यानं हिशेब मागण्याचा हक्क सरकारपुरता ठेवला नाही. दावा लावणारे भाविक आणि धर्मादायाशी संबंध असलेले लोक होते. राजाच्या अंमलदाराला ताम्रपटानं बाहेर ठेवलं होतं. देणाऱ्याला कोणत्याही ताम्रपटानं बाहेर ठेवलेलं नाही. गुप्तदानाची आपली सुंदर रीत आहे, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. ते आवरण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याला त्याच्याआड जागा नाही.

डाकोरचा निकाल लागला त्याच सुमारास, १८८६ मध्ये, हिंदुस्थानात प्राप्तिकराचा कायमचा कायदा आला. त्यात, ज्या मालमत्तेचा उपयोग निव्वळ धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी होतो तिच्या उत्पन्नाला माफी होती. ताम्रपटातली करमाफी आधुनिक कायद्यात अशी शिरली. हिशेबाचे कायदे स्वतंत्रपणे आणि पुष्कळ सावकाश आले. १९२० च्या कायद्यानं हितसंबंधी माणसाला जिल्हा न्यायालयात जाऊन विश्वस्ताकडून मालमत्तेचा तपशील आणि हिशेबाची तपासणी मागता येऊ लागली, तीही मागच्या तीन वर्षांपुरती. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्यानं मुतवल्लीला, म्हणजे वक्फाच्या व्यवस्थापकाला, दरवर्षी तपासलेला हिशेब न्यायालयात देणं भाग पाडलं. म्हणजे आपणहून, दरवर्षी हिशेब देण्याचं बंधन आधी मशिदी-दर्ग्यांच्या वक्फांवर आलं. देवळांवर ते आलं नंतर. मुंबई प्रांतानं १९३५ मध्ये सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा कायदा केला.

डभोई तेव्हा बडोदे संस्थानात होती, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातले हे कायदे तिला लागू नव्हते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कायद्याला 'निबंध' म्हणत. धर्माच्या कारभारात हात घालायला महाराज कचरले नाहीत. श्रावणमासाच्या दक्षिणेला त्यांनी परीक्षेची जोड दिली. १९१५ च्या हिंदू पुरोहित निबंधानं परीक्षा न दिलेल्या पुरोहिताला धंदा करायची बंदी आली, १९३३ च्या संन्यास दीक्षा निबंधानं अज्ञान मुलांना दीक्षा देणं बंद केलं. पुरोहितानं जे म्हणायचं ते त्याला कळलं पाहिजे, यजमानाला कळेल असं सांगता आलं पाहिजे, हा त्या निबंधामागचा आग्रह. देणाऱ्याला काय मिळतं आहे ते त्याला कळावं, याच विचाराची ती एक बाजू होती.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आदल्या वर्षी न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती, सार्वजनिक न्यासांचा कारभार कसा असावा हे ठरवायला. तिच्या शिफारशींवरून आला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०. देऊळ, मठ, मशीद, चर्च, शाळा, दवाखाना, सगळ्यांना एकच नोंदवही. डभोईचं देऊळ आणि जेजुरीचं देऊळ इतिहासात पहिल्यांदा एकाच कायद्याखाली आली. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, पण कायदा दोन्हीकडे तोच राहिला. पुढे दोन्ही राज्यांनी नावातली 'मुंबई' काढून आपापलं नाव घातलं, इतकंच. धर्मादाय आयुक्त, कलम ३२ प्रमाणे जमाखर्च, कलम ३३ प्रमाणे हिशेब तपासणी, ही भाषा बडोद्याच्या आणि पुण्याच्या कार्यालयांत आजही सारखीच बोलली जाते.

या कायद्याला आव्हान दिलं जैन आणि पारशी विश्वस्तांनी. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य हा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मार्च १९५४ मध्ये दिला. डभोईच्या वाचकाला तो जवळचा वाटावा, कारण हे जैनांचं जुनं तीर्थ. लोढण पार्श्वनाथ इथले, आणि उपाध्याय यशोविजयजींचा देहान्तही इथलाच. जैन समाजात देवद्रव्याचा नियम फार कडक. देवासाठी बोललेला पैसा देवाच्याच कामी लागायचा, उपाश्रयाला किंवा साधारण खात्यात तो वळवायचा नाही. उत्सवात बोली लागते, पूर्वी ती मणभर तुपाच्या भाषेत लागे, आणि कोणी किती बोलला ते सगळ्यांदेखत वहीत चढतं. माझ्या मते हा भारतातला सर्वांत शिस्तशीर धार्मिक जमाखर्च आहे, आणि तो कोणत्याही सरकारनं शिकवलेला नाही. न्यायालयानं दोन्ही बाजू जपल्या. धर्माच्या कामासाठी ठेवलेला पैसा सरकारनं किंवा न्यायालयानं धर्माच्या नियमाविरुद्ध दुसरीकडे वळवू नये, म्हणून कायद्यातली तशी कलमं बाद ठरली. मालमत्तेचा कारभार आणि हिशेब मात्र कायद्याच्या कक्षेत राहिला. न्यासांकडून घ्यायचं अंशदान हा कर नसून देखरेखीची फी आहे, असंही ठरलं.

या कायद्याच्या नियमांतली अनुसूची नऊ, म्हणजे जमाखर्चाचा नमुना, एकदा हातात घेऊन पाहावी. सहसा एकाच पानाची असते. डाव्या बाजूला खर्च: मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचा मोबदला, न्यायालयीन खर्च, हिशेब तपासणीची फी, अंशदान, बुडीत म्हणून सोडलेल्या रकमा, घसारा, राखीव निधीत टाकलेली रक्कम. मठ असेल तर मठाधिपतीचा मोबदला, 'त्याच्या घरखर्चासह', असा स्वतंत्र रकाना. मग न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच ओळींत: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, इतर धर्मादाय. उजवीकडे उत्पन्न: भाडं, व्याज, लाभांश, देणग्या रोख की वस्तुरूप, अनुदानं, इतर. ज्याला पंचायतीचा जमाखर्च कळतो त्याला हेही कळेल. आस्थापनेवर किती आणि गरिबांवर किती, हे दोन आकडे एकाच पानावर, वीतभर अंतरावर असतात. हिशेब तपासनिसानं उत्तर द्यायची एक प्रश्नावलीही आहे: रोख शिल्लक आणि पावत्या व्यवस्थापकाकडे होत्या का, त्या जुळल्या का, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का. हे प्रश्न लिहिणाऱ्यांना देवळाचं काम आणि देवळाचे कंत्राटदार दोन्ही नीट माहीत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१९५० नंतरची मोठी देवस्थानं या सामान्य वाटेवरून एकेक करून स्वतंत्र कायद्यांकडे गेली. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क होते. देवापुढचं रोजचं उत्पन्न गोळा करायच्या हक्काचा बडवे आपसांत लिलाव करत. नाडकर्णी आयोगानं हे सगळं नोंदवलं, १९७३ चा कायदा झाला, खटले चालत राहिले आणि शेवट सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये झाला. डाकोरच्या सेवकांचा आणि पंढरपूरच्या बडव्यांचा वाद एकच, मधे सव्वाशे वर्षं गेली. शिर्डीच्या संस्थानाला १९२२ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयानं योजना घालून दिली होती, २००४ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. गोव्यात पोर्तुगिजांनी १८८६ मध्येच माझनीचं, म्हणजे देवळांच्या महाजनसंस्थांचं, नियमन आणलं, आणि तिथल्या देवळांचे महाजन आजही मामलेदाराच्या देखरेखीखाली निवडणूक आणि अंदाजपत्रक करतात. परक्या, परधर्मी सत्तेनं घातलेली चौकट, पण गोमंतकीयांनी ती मुक्तीनंतरही टिकवली.

इंदूरचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, देवळं, अन्नछत्रं उभारली ती खासगीतून, म्हणजे घराण्याच्या स्वतंत्र उत्पन्नातून. खासगीचं उत्पन्न आणि दौलतीचं उत्पन्न यांच्या वह्या वेगळ्या ठेवण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. स्वातंत्र्यानंतर या धर्मादायांसाठी १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. त्याच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उठला, तेव्हा हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदवायचा की नाही, असा प्रश्न आला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्यानं मध्य प्रदेशच्या कायद्याखाली नोंदणी करावी आणि निबंधकानं कागदपत्रं मागवून चौकशी करावी. अहिल्याबाईंच्या नावावर चालणाऱ्या धर्मादायाला वही दाखवायला लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्राप्तिकराची बाजूही या काळात बदलली. १९६१ च्या कायद्यात माफी राहिली, पण अटी वाढत गेल्या. १९७३ पासून नोंदणीशिवाय माफी नाही. उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टासाठी वापरायचे किंवा साठवण्याचं कारण द्यायचं. विश्वस्तांच्या नातलगांना फायदा झाला तर माफी जाते. नोंदणी आता कायमची नाही, ठराविक वर्षांनी नवी करावी लागते. २००६ मध्ये निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसला, पण त्यातून निव्वळ धार्मिक न्यास वगळले, कारण दानपेटीत पैसे टाकणाऱ्याचं नाव पुजारी लिहून घेऊ शकत नाही. हे कारण खरं आहे, मला मान्य आहे. मात्र मग पेटीतून निघालेल्या पैशाची नोंद दुप्पट कसोशीनं व्हायला हवी, कारण तिथं देणारा आपली पावती दाखवून काही विचारू शकत नाही. पेटी उघडताना किल्ल्या दोघांकडे, पंच हजर, नाणी-नोटा वेगळ्या, मोजणीचा कागद जागेवर सह्या होऊन, त्याच दिवशी भरणा बँकेत: ही रीत अनेक देवस्थानांत चांगली रुजली आहे. डभोई तालुक्यातच नर्मदेच्या काठी करनाळीला कुबेर भंडारीचं स्थान आहे. अमावास्येला तिथं मोठी गर्दी लोटते, परिक्रमेला निघालेली मराठी माणसंही वाट वाकडी करून जातात. यांतला सर्वसाधारण माणूस पेटीत दहा-वीस रुपये टाकून पुढे जातो. त्याच्यापाशी पावती नसते, आणि एवढ्याशा रकमेसाठी तो कोणत्याही कार्यालयाची पायरी चढणार नाही.

अडचण इथंच आहे. हिशेब होतो, तपासला जातो, दोन सरकारी खात्यांत जातो. न्यासाचं प्राप्तिकराचं विवरणपत्र तुम्हाआम्हाला बघता येत नाही. धर्मादाय कार्यालयातल्या कागदाची नक्कल अर्ज करून, फी भरून मिळते, पण त्यासाठी न्यासाचा नोंदणी क्रमांक माहीत हवा, जिल्ह्याच्या गावी खेप हवी आणि थोडी चिकाटी हवी. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय संस्थांचे हिशेब कोणालाही घरबसल्या, फुकट पाहता येतात. अमेरिकेत मराठी मंडळांसारख्या करमुक्त संस्थांचं वार्षिक विवरण लोकांसाठी खुलं असतं. चर्च म्हणून गणल्या जाणाऱ्या संस्थांना मात्र तिथंही ते भरण्यातून सूट आहे, आणि त्या सुटीवर तिथंही भांडण चालू आहे. न्यू जर्सीतला मराठी माणूस आपल्या मंडळानं गणेशोत्सवावर किती खर्च केला ते पाहू शकतो. ज्या ग्रामदैवताला तो दरवर्षी पैसे पाठवतो त्याचं पान मात्र त्याला दिसत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन्ही राज्यांच्या नियमांत एक कलम घालावं: ठराविक रकमेच्या वर उत्पन्न असलेल्या प्रत्येक धार्मिक न्यासानं तपासलेली अनुसूची नऊ वर्षातून एकदा आपल्याच आवारात, दर्शनाच्या रांगेतून वाचता येईल अशा जागी आणि अक्षरात लावावी. डभोईत गुजरातीत, पंढरपुरात मराठीत, दर्ग्याच्या आणि चर्चच्या दारातही. ती तशी लावली आहे ना, हा प्रश्न हिशेब तपासनिसाच्या प्रश्नावलीत, निविदांच्या प्रश्नाखाली, वाढवावा. मोठ्या देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लावायला प्रत्येक देवस्थानात भिंत सापडते. या पानाला लागणारी जागा त्यांतल्या एका पाटीएवढी आहे.